फुटबॉल संघांची शैली आणि ‘राष्ट्रीय स्वभावा’चे सोपे उत्तर

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानाचा मी जुना वाचक आहे आणि परदेशी फुटबॉलला आपण जी जागा देता तिच्याबद्दल कृतज्ञही आहे. परंतु सामन्यांच्या वृत्तांतांत आणि विशेषतः रविवारच्या लेखांत एक सवय घट्ट बसलेली दिसते, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. संघ जर्मन असला की तो ‘यंत्रासारखा’ खेळतो, इटालियन असला की ‘जात्याच सावध’ असतो, इंग्लिश असला की ‘रांगडा’ असतो, आणि स्पेनचा किंवा ब्राझीलचा असला की त्याच्या ‘रक्तातच नजाकत’ असते. वाक्ये वाचायला बरी वाटतात, पण संघ तसा का खेळतो हे त्यांतून कळत नाही. उलट स्वभाव हे कारण एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. माझे म्हणणे असे आहे की, व्यावसायिक संघाची शैली ही त्या संघाने आपल्या परिस्थितीशी केलेली तडजोड असते. त्या काळचे नियम, पायाखालचे मैदान, हाताशी असलेले खेळाडू, तिजोरीतला पैसा आणि एखादी पद्धत लहानपणापासून शिकवणारी यंत्रणा यांतून ती घडते, आणि यांपैकी एखादी गोष्ट बदलली की तो तथाकथित स्वभावही बदलतो.

स्पेनचेच पाहा. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये स्पेनचा संघ प्रथम उतरला आणि रौप्यपदक घेऊन परतला, तेव्हा त्याच्या खेळाला ‘ला फुरिया’ म्हणजे रौद्र आवेश असे नाव पडले. त्या संघात बास्क प्रांतातील दणकट खेळाडूंचा मोठा भरणा होता. उंच चेंडू टाकायचा आणि त्याच्यावर तुटून पडायचे, असा तो खेळ होता. पुढे कित्येक दशके स्पेनमध्ये याच आवेशाला राष्ट्रीय स्वभाव मानले गेले. मग २००८ च्या युरो स्पर्धेसाठी प्रशिक्षक लुईस अरागोनेस यांनी झावी, इनिएस्टा, सिल्वा, फॅब्रेगास अशा अंगाने लहानखुऱ्या खेळाडूंच्या हाती मधली फळी सोपवली आणि चेंडू आपल्याच पायाशी राखणारा संघ उभा केला. २०१० चा विश्वचषक स्पेनने सात सामन्यांत अवघे आठ गोल करून जिंकला आणि बाद फेरीतील चारही सामने १-० असे घेतले. त्यानंतर जगभरच्या लेखकांना स्पॅनिश रक्तात नजाकत दिसू लागली. नव्वद वर्षे ज्या रक्तात आवेश होता त्याच रक्तात ही नजाकत कोठून आली, हे कोणी सांगितले नाही.

ती आली होती ॲमस्टरडॅमहून. तेथील आयाक्स क्लबचे प्रशिक्षक रिनस मिखेल्स १९७१ मध्ये बार्सिलोनाला गेले, दोन वर्षांनी त्यांचा शिष्य योहान क्रॉयफ खेळाडू म्हणून तेथे पोहोचला, आणि १९८८ मध्ये तोच क्रॉयफ प्रशिक्षक होऊन परत आला. १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘ला मासिया’ या क्लबच्या निवासी अकादमीत क्रॉयफच्या काळात मुलांची उंची आणि ताकद मोजण्यापेक्षा चेंडू अंगावर येण्याआधी मुलगा मान वळवून आजूबाजूला पाहतो की नाही, याला महत्त्व आले. वर्तुळात उभ्या राहिलेल्या मुलांनी एका स्पर्शात चेंडू फिरवायचा आणि मध्ये उभ्या असलेल्या दोघांनी तो हिसकावायचा, हा ‘रोंदो’ नावाचा सराव तेथे रोजचा झाला. त्याच अकादमीत वाढलेला पेप ग्वार्डिओला २००८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये लेवान्तेविरुद्धच्या सामन्यात एका बदलानंतर बार्सिलोनाचे मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू याच अकादमीतून आलेले होते. स्पेनच्या राष्ट्रीय संघाने या क्लबकडून खेळाडू घेतले आणि त्यांच्याबरोबर ती पद्धतही आपसूक आली. म्हणजे जगाने ज्याला स्पॅनिश स्वभाव म्हटले, ती एका डच विचाराची कॅटलान शहरातल्या एका शाळेतून निघालेली तुकडी होती.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. तीच पद्धत २०१८ मध्ये रशियाविरुद्ध आणि २०२२ मध्ये मोरोक्कोविरुद्ध निष्प्रभ ठरली. दोन्ही सामन्यांत हजाराहून अधिक पास देऊनही स्पेन पेनल्टी शूटआउटमध्ये बाद झाला. प्रतिस्पर्ध्यांनी स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रासमोर गर्दी करून बसायला शिकून घेतले होते. २०२४ ची युरो स्पर्धा स्पेनने जिंकली ती लामिन यामाल आणि निको विल्यम्स या दोन वेगवान विंगरांच्या जोरावर, कडेने थेट मुसंडी मारून. यामालचे वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. विल्यम्सचे आईवडील घानाचे. एक बार्सिलोनाच्या अकादमीत घडला, दुसरा बिल्बाओच्या. रक्ताचा सिद्धांत येथे कोणत्या बाजूने लावायचा, हे आपल्या लेखकांनीच सांगावे.

‘रांगड्या’ इंग्लंडविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण तेथील बदलांची कारणे एकेक करून बोट ठेवून दाखवता येतात. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत एका क्रिकेटच्या मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि तो गोलशून्य बरोबरीत सुटला. इंग्लिश खेळाडू एकेकट्याने चेंडू पुढे रेटत नेत होते आणि बाकीचे त्याच्यामागे धावत होते. स्कॉटलंडचे सर्व अकरा खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते; ते अंगाने हलके होते आणि धक्काबुक्कीत आपला निभाव लागणार नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी चेंडू एकमेकांकडे सरकवत पुढे जाण्याचा मार्ग धरला. रोज एकत्र खेळत असल्यामुळे तो त्यांना जमलाही. पास देऊन खेळण्याच्या पद्धतीचा उगम असा अंगकाठीतल्या फरकात आणि एका क्लबच्या एकत्र सरावात आहे.

त्यानंतर नियमांनी काय केले ते पाहू. १९२५ पर्यंत ऑफसाइड (चेंडू मिळताना प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे नियमाबाहेर पुढे असणे) टाळण्यासाठी आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते, आणि बचावपटू जरा पुढे सरकून सगळी आघाडी ऑफसाइडमध्ये अडकवत असत. त्या उन्हाळ्यात तीनचे दोन झाले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ मध्ये १,१९२ गोल झाले होते. पुढच्याच मोसमात १,७०३ झाले. ऑक्टोबर १९२५ मध्ये आर्सेनल न्यूकॅसलकडून ७-० असा हरला, आणि नुकतेच आलेले प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी, त्यांच्या चार्ली बुकन या अनुभवी खेळाडूच्या आग्रहावरून, तोवर मध्यभागी राहून खेळ रचणाऱ्या सेंटर-हाफला मागे खेचून दोन बचावपटूंच्या मध्ये उभे केले. मधली फळी त्यामुळे रिकामी झाली, ती भरायला पुढचे दोघे मागे आले, आणि चेंडू हिसकावून तो झपाट्याने कडेच्या खेळाडूंकडे पोहोचवायचा असा खेळ तयार झाला. या खेळावर आर्सेनलने तिशीच्या दशकात लीग पुन्हा पुन्हा जिंकली. ज्यांच्याकडे चॅपमन नव्हते आणि ॲलेक्स जेम्ससारखा पास देणाराही नव्हता, अशा क्लबांनी यातला मागे खेचलेला सेंटर-हाफ तेवढा उचलला आणि चेंडू लांब भिरकावला. इंग्लिश रांगडेपणाची बरीचशी कुळकथा या अर्धवट नकलेत आहे.

नियम मात्र सगळ्यांना एकच असतो, म्हणून त्याच्यावर सगळा भार टाकता येणार नाही. १९२५ चा बदल व्हिएन्नालाही लागू झाला होता, पण तेथे ह्यूगो माइझल यांनी सेंटर-हाफ पुढेच ठेवला आणि माथियास सिंडेलार या सडपातळ आघाडीपटूभोवती छोट्या पासांचा संघ बांधला. हे मध्य युरोपाने कोणाकडून घेतले? लँकशायरच्या नेल्सन गावात जन्मलेल्या जिमी होगन या इंग्लिश माणसाकडून. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा होगन व्हिएन्नात अडकले, तेथून बुडापेस्टला गेले आणि एमटीके क्लबच्या तरुणांना त्यांनी चेंडू जमिनीवर ठेवून खेळायला शिकवले. आयाक्समध्येही १९१५ ते १९४७ या काळात तीन वेळा जॅक रेनल्ड्स नावाचे इंग्लिश प्रशिक्षक होते, आणि तरुण मिखेल्स त्यांच्याच हाताखाली खेळले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले, तेव्हा सेंटर-फॉरवर्ड, म्हणजे मधला आघाडीपटू, हिदेगकुटी मुद्दाम मागे राहत होता आणि त्याच्या पाठोपाठ जावे की जागा धरून थांबावे हे इंग्लंडच्या सेंटर-हाफला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. त्या विजयाचे श्रेय हंगेरीच्या लोकांनी होगन यांना दिले. इंग्लिश स्वभावात पासिंग नसते, तर हे दोन शिक्षक कोठून आले असते?

इंग्लंडमध्ये राहिले ते चिखलाचे मैदान आणि एक चुकीचे गणित. तेथील लीग ऑगस्टपासून मेपर्यंत, म्हणजे सबंध हिवाळाभर, चालते. एप्रिल १९७७ मध्ये डर्बीच्या बेसबॉल ग्राउंडवर मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टी मिळाली, तेव्हा पेनल्टीची खूण चिखलात पार नाहीशी झाली होती आणि मैदान सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला टेप आणि रंग घेऊन ती नव्याने काढावी लागली. अशा मैदानावर तीस फुटांचा पास वाटेतच थांबतो. हवेतून गेलेला चेंडू निदान पोहोचतो. कोल्हापुरात पावसाळ्यात खेळलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

गणिताची हकीकत मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. चार्ल्स रीप हे ब्रिटिश हवाई दलातील हिशेबनीस १९५० पासून सामन्यातील प्रत्येक चालीची खुणांच्या भाषेत नोंद करू लागले. शेकडो सामन्यांच्या नोंदींवरून त्यांनी असे दाखवले की, सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. म्हणून जास्त पास देण्यात वेळ दवडू नये. पुढे इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचे प्रशिक्षणप्रमुख चार्ल्स ह्यूज हेही अशाच निष्कर्षापर्यंत आले, आणि देशभरच्या प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात हा विचार शिरला. परंतु रीप यांच्याच नोंदींप्रमाणे सामन्यातील ९० टक्क्यांहून अधिक चाली तीन किंवा कमी पासांतच संपतात. नव्वद टक्के चालींतून ऐंशी टक्के गोल होत असतील, तर उरलेल्या दहा टक्क्यांहून कमी अशा लांब चालींतून वीस टक्के गोल होतात, म्हणजेच लांब चाल अधिक फलदायी ठरते. एवढा साधा हिशेब प्रशिक्षणाच्या वरिष्ठांनी केला नाही, आणि एका पिढीच्या मुलांना मधल्या फळीवरून चेंडू उडवायला शिकवले गेले. आपण ज्याला रांगडा इंग्लिश स्वभाव म्हणता, त्याचा एक भाग छापील अभ्यासक्रमातून आला आहे.

यावर कोणी विचारील की, मग त्याच चिखलात लिव्हरपूल कसे पास देत होते? प्रश्न रास्त आहे. १९७७ ते १९८४ या आठ वर्षांत लिव्हरपूलने चार युरोपियन कप जिंकले ते चेंडू राखून खेळतच. त्यांच्याकडे चांगले खेळाडू विकत घेण्याइतका पैसा होता, आणि बिल शँक्लींनंतर बॉब पेस्ली, पेस्लींनंतर जो फेगन असे प्रशिक्षक घरातूनच पुढे येत गेल्यामुळे सरावाची पद्धत मोडली नाही. मैदान अडचण घालते. तिच्यावर मात करायला पैसा आणि सातत्य दोन्ही लागतात, आणि दोन्ही असणारे क्लब थोडे असतात.

ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांचा नमुना म्हणजे विम्बल्डन. १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये आलेला हा छोटा क्लब १९८६ मध्ये पहिल्या विभागात पोहोचला आणि १९८८ मध्ये त्याच लिव्हरपूलला १-० असे हरवून एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकून गेला. लांब चेंडू, हेडरनंतर सुटा पडणारा चेंडू, कॉर्नर आणि दांडगाई एवढ्या भांडवलावर त्यांनी हे केले. समीक्षकांनी नाके मुरडली. मला स्वतःला तो खेळ पाहायला आवडत नसे. पण त्या तिजोरीत त्याहून शहाणा दुसरा मार्ग कोणता होता, हे मला आजही सांगता येणार नाही. स्टोक सिटीने २००८ नंतर हेच केले: रॉरी डिलॅपचे थ्रो-इन थेट गोलसमोर पडत असत, आणि ते अधिक जवळून पडावेत म्हणून क्लबने आपले मैदान नियमाने चालेल इतके आखूड आणि अरुंद आखले होते. मैदान संघाला घडवते तसा संघही मैदान घडवतो, याचे यापेक्षा उघड उदाहरण मला माहीत नाही.

आणि मग हे सगळे दहा-पंधरा वर्षांत बदलले. १९९० च्या विश्वचषकातील कंटाळवाण्या खेळानंतर १९९२ मध्ये नियम आला की, सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. डिसेंबर १९९५ च्या युरोपीय न्यायालयाच्या बॉस्मन निकालाने युरोपियन युनियनच्या देशांतील खेळाडूंवरची संख्येची मर्यादा उठली. २६ डिसेंबर १९९९ रोजी साउदॅम्प्टनविरुद्ध चेल्सीच्या पहिल्या अकरांत एकही ब्रिटिश खेळाडू नव्हता. नव्वदीच्या मध्यापासून नैसर्गिक गवतात कृत्रिम धागे खोलवर शिवलेली मैदाने आली आणि जानेवारीतही हिरवळ टिकू लागली. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून पैसा आला. २०१६ मध्ये मँचेस्टर सिटीत आलेल्या ग्वार्डिओलाने इंग्लंडचा गोलरक्षक जो हार्ट याला केवळ पायाने पास देण्यात कमी पडतो म्हणून बाजूला केले, आणि पुढच्या वर्षी एडरसन या गोलरक्षकाला आणले. २०१९ मध्ये गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच सहकाऱ्याने घेतला तरी चालेल असा नियम झाला, आणि बचावपटू स्वतःच्या गोलपासून सहा यार्डांवर पास घेऊ लागले. आज इंग्लंडच्या खालच्या विभागांतले क्लबही मागून चेंडू खेळवत निघतात. या काळात इंग्लिश माणसाचा स्वभाव किती बदलला असेल?

वर्तुळ पूर्ण झाले असे मात्र कोणी समजू नये. सगळेच मागून खेळू लागल्यावर त्यावर तुटून पडणारा बचाव तयार झाला, आणि ब्रेंटफर्डसारख्या कमी खर्चाच्या क्लबने आकडेवारीच्या आधारे पुन्हा फ्री किक, कॉर्नर आणि लांब थ्रो यांवर मेहनत घेतली. आर्सेनलसारख्या श्रीमंत क्लबनेही कॉर्नरसाठी स्वतंत्र प्रशिक्षक ठेवला. या वेळी आधार रीप यांच्याहून चांगल्या हिशेबाचा आहे.

इटलीच्या ‘जात्या सावधपणा’विषयी थोडक्यात लिहितो. जान्नी ब्रेरा या नामवंत पत्रकारानेच हा समज इटलीत रुजवला; इटालियन शरीर दुबळे, म्हणून बचाव करून प्रतिहल्ला हाच आपला मार्ग, असे ते मांडत. वस्तुस्थिती अशी की, सर्वांच्या मागे एक मोकळा बचावपटू ठेवण्याची कल्पना स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने रूढ केली. इटलीत ती नेरेओ रोक्को यांनी ट्रिएस्टिनासारख्या छोट्या क्लबात यशस्वी केली आणि १९४७-४८ मध्ये लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले. आणि तिचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता, इंटर मिलानला १९६४ व १९६५ चे युरोपियन कप मिळवून देणारा हेलेनिओ हेरेरा, अर्जेंटिनात जन्मलेला आणि मोरोक्कोत वाढलेला होता. पुढे त्याच मिलान शहरात आरिगो साक्की यांनी बचावफळी मध्यरेषेकडे चढवून, पुढून दाब देऊन १९८९ व १९९० चे कप जिंकले, ते बारेसी आणि माल्दिनी या अस्सल इटालियन बचावपटूंना घेऊनच.

येथे ॲथलेटिक बिल्बाओचा विचार करणे भाग आहे, कारण स्वभावाच्या सिद्धांताला खरा आधार कोठे मिळायचा असेल तर तो याच क्लबात. शंभराहून अधिक वर्षे हा क्लब फक्त बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तेथे घडलेले खेळाडू खेळवतो, आणि तरीही रिअल माद्रिद व बार्सिलोना यांच्याप्रमाणे तो पहिल्या विभागातून कधीही खाली घसरलेला नाही. जेमतेम तीस लाख लोकवस्तीच्या प्रदेशातून संघ उभा करायचा तर बाजारात हवा तसा खेळाडू शोधता येत नाही. क्लबच्या लेझामा येथील अकादमीत जे आहेत त्यांच्यावरच खेळ बेतावा लागतो. पावसाळी हवा, जड मैदान, उंच आघाडीपटू आणि कडेने येणारे क्रॉस ही त्यांची ओळख यातून बनली. ल्योरेंते आणि आदुरिस यांच्यापर्यंत ती स्पष्ट दिसते. परंतु २०११ मध्ये मार्सेलो बिएल्सा आले आणि त्यांनी याच मुलांना मैदानभर माणसामागे माणूस लावून, धावत पास देत खेळायला लावले. मार्च २०१२ मध्ये तो संघ ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३-२ असे हरवून आला आणि युरोपा लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. म्हणजे खेळाडूंचा साठा शैलीला मर्यादा घालतो, पण त्या मर्यादेच्या आत बरीच मोकळी जागा असते, आणि तेथे प्रशिक्षक काम करतो.

ही कारणे परदेशापुरतीच आहेत असे नाही. सर्जिओ लोबेरा २०१७ ते २०२० या काळात एफसी गोवाचे प्रशिक्षक होते, तेव्हा त्या संघाच्या पासिंगचे कौतुक करताना गोव्याच्या मातीचा, सुशेगाद वृत्तीचा आणि पोर्तुगीज वारशाचा उल्लेख सर्रास होत असे. जानेवारी २०२० च्या अखेरीस लोबेरा तेथून गेले, पुढच्या मोसमात मुंबई सिटीत आले, आणि त्यांच्यापाठोपाठ मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमू आणि मंदार राव देसाई हे चौघे एफसी गोवाकडून मुंबईकडे गेले. तो मोसम साथीमुळे संपूर्णपणे गोव्यातच प्रेक्षकांविना खेळला गेला. मुंबईने लीग शील्ड (साखळीतील पहिल्या क्रमांकाचा मान) आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला मोहन बागानवर २-१ असा विजय मिळवला. मँचेस्टर सिटीच्याच मालकसमूहाने २०१९ च्या अखेरीस मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतल्यामुळे हे पाचही जण एका वेळी आणणे परवडले, हेही येथे नोंदवले पाहिजे. मातीला शैली फुटत असती, तर ती मांडवी ओलांडून अंधेरीला आली नसती. एफसी गोवाने नंतर हुआन फेरांडो यांच्यासारखे त्याच विचाराचे प्रशिक्षक निवडून आपली पद्धत टिकवली, तो क्लबच्या व्यवस्थापनाचा निर्णय होता, आणि त्याचे श्रेय मातीला न देता त्यांनाच द्यावे.

आपल्या लीगमध्ये शैली ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी आपल्या पानांवर फारसे वाचायला मिळत नाही. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमध्ये सुरुवातीला एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात असू शकत. २०१७-१८ पासून पाच आणि २०२१-२२ पासून चार. चारच जागा असतील तर कोणताही प्रशिक्षक त्या मैदानाच्या मधल्या पट्ट्यात भरतो: एक सेंटर-बॅक, एक किंवा दोघे मधल्या फळीत, एक स्ट्रायकर. भारतीय खेळाडू बहुतांशी कडांना जातात. विंगर असलेल्या मंदार राव देसाईला लोबेरांनी गोव्यात लेफ्ट-बॅक केले, ते त्याला मानवलेही. परंतु २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळलेला आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुढे व्यावसायिक लीगमध्ये बहुतेक वेळा कडेनेच दिसला. राष्ट्रीय संघ मैदानात उतरला की त्याला कडेने पळणारे भरपूर सापडतात, पण मध्यभागी चेंडू घेऊन वळणारा आणि गोलसमोर उभा राहून संधी साधणारा सापडत नाही. सुनील छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न इतकी वर्षे लोंबकळत राहण्यामागे हे एक मोठे कारण आहे. भारतीय खेळाडूत ‘मारण्याची वृत्तीच नाही’ असे आपल्याच एका लेखात वाचले, तेव्हा हे पत्र लिहायचे ठरवले. वृत्ती असली तरी ती वापरायची जागा आठवड्याच्या आठवडे दुसऱ्याकडे असते.

माझी विनंती फार मोठी नाही. सामन्याच्या वृत्तांतात गोल कोणी केले याच्याबरोबर गोलरक्षकाने चेंडू जवळ दिला की लांब टाकला, बचावफळी किती वर उभी होती, मैदान ओले होते की कोरडे, आणि दोन्ही संघांच्या खर्चात साधारण किती तफावत आहे, यांपैकी दोन गोष्टी जरी आल्या तरी वाचकाला पुष्कळ कळेल. विश्वचषक आला की आमच्या पेठापेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, रात्री जागून सामने पाहिले जातात आणि दुसऱ्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर कोणत्या बदलाने सामना फिरला यावर तासभर वाद होतो. या वाचकाला ‘रक्तातली नजाकत’ पुरत नाही. आयएसएलच्या पुढच्या मोसमात प्रत्येक क्लबने परदेशी खेळाडू कोणत्या जागांवर खेळवले आणि त्या जागांवर भारतीय खेळाडूंना किती मिनिटे मिळाली, याचा तक्ता आपण महिन्यातून एकदा छापलात, तर तो मी कापून ठेवीन आणि माझ्यासारखे इतरही ठेवतील.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर